अडकलेल्या माणसाला द्यायचे काय?

संकटात सापडलेल्या माणसाला सल्ला देणाऱ्यांची वानवा आपल्याकडे कधीच नव्हती. कर्ज थकलेला शेतकरी असो, तिसऱ्यांदा पूर्वपरीक्षेतच गळालेला मुलगा असो की सासरी घुसमटणारी सून असो. 'धीर सोडू नकोस', 'फार विचार करू नकोस', 'होईल सगळे ठीक' ही वाक्ये त्यांच्या कानावर इतक्यांदा पडतात की ती बोलणाऱ्यालाही पाठ असतात. यातले एकही वाक्य वाईट हेतूने म्हटलेले नसते. तरीही ते ऐकून माणूस जागचा हलत नाही. गेल्या शंभर वर्षांतले मानसशास्त्राचे प्रयोग आणि गेल्या पंधरा-वीस वर्षांत गोवा, विदर्भ, झिम्बाब्वे, केनिया इथे झालेले मोठे अभ्यास शेजारी शेजारी ठेवून वाचले, की याचे कारण बरेचसे उलगडते. काय करायला हवे हे अडकलेल्या माणसाला बहुतेक वेळा ठाऊक असते. आपण काही केले तर काही फरक पडतो, हा अनुभव मात्र त्याच्या हातून सुटलेला असतो. तो अनुभव अगदी लहान प्रमाणात का होईना, त्याच्याच हातून पुन्हा घडवून आणणारे मार्गदर्शन उपयोगी पडते. बाकीचे सांत्वन ठरते. सांत्वनाची किंमत कमी नाही, पण त्याला मार्गदर्शन म्हणू नये.

या विधानाचा पाया घालणारा प्रयोग १९६७ मध्ये अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात झाला. मार्टिन सेलिग्मन आणि स्टीव्हन मायर यांनी काही कुत्र्यांना असे विजेचे झटके दिले, की ते थांबवणे त्यांच्या हाती नव्हते. नंतर त्याच कुत्र्यांना एका बुटक्या आडोशावरून उडी मारून सुटका करून घेता येईल अशा खोक्यात ठेवले. आधी झटके न खाल्लेली कुत्री चटकन उडी मारत. ही मात्र बहुतेक जागीच पडून राहिली. याला 'शिकलेली असहायता' हे नाव मिळाले आणि नैराश्यावरच्या पुढच्या लिखाणात ते सर्वत्र पसरले. प्रयोगाची क्रूरता आज कुणालाही खटकेल. ती खटकायलाच हवी. पण त्याचा कमी सांगितला जाणारा उत्तरार्ध आपल्या प्रश्नाच्या जास्त जवळचा आहे. त्या कुत्र्यांना बरे कसे करायचे, याचे उत्तर १९६८ मध्ये सापडले ते असे: दोरी बांधून त्यांना आडोशापलीकडे पुन्हा पुन्हा ओढून न्यावे लागले. काही फेऱ्यांनंतर ती स्वतःहून उडी मारू लागली. पुढे जवळजवळ पन्नास वर्षांनी, २०१६ मध्ये, याच दोघांनी मेंदूवरच्या नव्या संशोधनाच्या आधारे आपला जुना निष्कर्ष उलटा केला. दीर्घकाळ त्रास झाला की हातपाय गाळून बसणे ही शरीराची मूळचीच प्रतिक्रिया आहे, ती शिकावी लागत नाही. शिकावे लागते ते 'हे माझ्या हातात आहे' हे कळणे, असे त्यांनी लिहिले. स्वतःच्या नावाने प्रसिद्ध झालेला सिद्धांत स्वतःच दुरुस्त करणारे शास्त्रज्ञ विरळाच. या दुरुस्तीचा व्यवहारातला अर्थ मोठा आहे. हातपाय गाळलेल्या माणसाच्या स्वभावात खोट शोधण्याची गरज त्यामुळे उरत नाही.

भीतीच्या बाबतीत हीच गोष्ट आणखी स्पष्ट दिसते. १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स यांनी पीटर नावाच्या लहान मुलाची सशाची भीती घालवली. तो आवडीचे खात असताना ससा आधी खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवला, मग थोडा जवळ, मग आणखी जवळ, असे करत शेवटी मूल सशाला हात लावू लागले. सशाला घाबरण्यात अर्थ नाही, हे त्याला पटवून देण्याचा उद्योग कुणी केला नव्हता. पुढे जोसेफ वोल्पे यांनी १९५८ च्या ग्रंथात या पायरीपायरीच्या सरावाला पद्धतशीर रूप दिले आणि भीतीवरच्या आजच्या बहुतेक प्रभावी उपचारांचा तो कणा झाला. भीती टिकते कशी, याचेही उत्तर त्यात आहे. जिची भीती वाटते ती गोष्ट टाळली की तत्काळ हायसे वाटते आणि त्या हायसे वाटण्यामुळेच टाळण्याची सवय पक्की होते. बँकेची नोटीस न उघडता कपाटात टाकणारा, निकालाच्या दिवशी फोन बंद ठेवणारा, छातीत दुखते म्हणून काळजी करत बसणारा पण तपासणीला न जाणारा, हे सगळे याच फेऱ्यात असतात. घरचे लोक प्रेमापोटी त्या टाळण्याला हातभार लावतात. 'राहू दे, मी जाऊन येतो बँकेत' हे वाक्य मायेचे आहे, पण एकदाच्या मदतीपुरते. ते महिनोन्‌महिने चालले तर भीती त्या माणसाच्या घरात कायमची राहायला येते.

यावर विचारांच्या बाजूने काम करणारी परंपराही आहे, आणि मराठी वाचकाला तीच अधिक ओळखीची आहे. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांनी महाराष्ट्रात रुजवली, डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात सुरू केलेल्या संस्थेतून ती नाटके, व्याख्याने, पुस्तके यांच्या मार्गाने मध्यमवर्गीय घरांत पोहोचली. घटनेपेक्षा घटनेबद्दलची आपली हटवादी समजूत आपल्याला जास्त छळते, हा तिचा गाभा. 'मला यश मिळावे' आणि 'मला यश मिळालेच पाहिजे' यांतला फरक मराठीत इतक्या सोप्या रीतीने समजावून सांगणारे फार थोडे होते, आणि त्याचे ऋण मान्य करायला हवे. पण व्याख्यानातून एलिस ऐकणाऱ्यांच्या लक्षात एक बाब कमी राहते. एलिस स्वतः भित्रेपणातून बाहेर आले ते केवळ विचार करून नव्हे. एकोणीस वर्षांचे असताना न्यूयॉर्कच्या वनस्पती उद्यानात बाकावर बसलेल्या शंभरएक अनोळखी स्त्रियांशी ते ठरवून बोलले, असे ते सांगत. भेटीला हो म्हणाली फक्त एकच, आणि ती आलीही नाही. तरी भीती गेली, कारण नकाराने आकाश कोसळत नाही हे त्यांनी प्रत्यक्ष करून पाहिले होते. त्यांच्या पद्धतीत घरी करून पाहायचे काम उगाच आलेले नाही. १९९६ मध्ये नील जेकब्सन आणि सहकाऱ्यांनी नैराश्यावरच्या विचार-वर्तन उपचाराचे भाग सुटे करून तपासले. ठरवून छोटी छोटी कामे पुन्हा सुरू करणे एवढाच भाग ज्यांना दिला, तेही पूर्ण उपचार मिळालेल्यांइतकेच सुधारले. विचार बदलणे निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नाही. पण कृतीआधी मन तयार व्हायलाच हवे, ही समजूत त्यानंतर टिकवणे अवघड आहे.

आता आपल्याजवळच्या पुराव्याकडे. 'संगाथ' ही संस्था १९९६ पासून गोव्यात काम करते. डॉ. विक्रम पटेल आणि या संस्थेच्या संशोधकांनी तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्य असलेल्या सुमारे पाचशे रुग्णांवर केलेला अभ्यास २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. उपचार देणारे मानसशास्त्राचे पदवीधर नव्हते. ती स्थानिक, रीतसर निवडून प्रशिक्षण दिलेली सामान्य माणसे होती. भेटी सहा ते आठ, साधारण आठवड्याला एक, कधी केंद्रात तर कधी रुग्णाच्या घरी. विषय अगदी साधे: दिवस कसा जातो, काय करणे बंद पडले, त्यातले या आठवड्यात कोणते एक पुन्हा सुरू करता येईल, आणि पुढच्या भेटीत 'जमले का, नाही तर अडले कुठे' याची विचारपूस. तीन महिन्यांनी, नेहमीचे उपचार घेतलेल्यांपैकी ३९ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते. या भेटी मिळालेल्यांपैकी ६४ टक्के. वर्षभरानंतरही फरक टिकून होता. या आढाव्यासाठी सर्वांत मोलाचा भाग मात्र नंतरच्या विश्लेषणात आहे. वर्षअखेरीच्या सुधारणेतला निम्म्याहून अधिक वाटा, रुग्ण तीन महिन्यांत किती हालता-वागता झाला होता, यावरून उलगडता येत होता. समुपदेशकाच्या गोड बोलण्याचा उपयोग झालाच असेल; पण काम केले ते रुग्णाच्या स्वतःच्या हालचालीने.

हरारे शहरातला प्रयोग याचीच दुसरी बाजू दाखवतो. झिम्बाब्वेत मानसोपचारतज्ज्ञ बोटांवर मोजण्याइतके. डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ मध्ये म्बारे या वस्तीतल्या चौदा आज्यांना हाताशी धरले. त्या दवाखान्याच्या आवारात लाकडी बाकावर बसून येणाऱ्याशी बोलत. बोलणे मोकळे असले तरी त्याला शिस्त होती. येणाऱ्याने आपल्या सगळ्या अडचणी सांगायच्या, त्यांतली एकच निवडायची, त्यावर शक्य असलेले एक पाऊल स्वतः ठरवायचे आणि ते टाकून परत यायचे. २०१६ च्या अभ्यासात सहा महिन्यांनी बाकावर आलेल्यांपैकी सुमारे १४ टक्क्यांत नैराश्याची लक्षणे उरली होती, तर नेहमीच्या सेवेतल्यांपैकी जवळजवळ ५० टक्क्यांत. या आज्यांचे फोटो जगभर गाजले, आणि वयस्क बाईच्या मायेची ती कहाणी झाली. ती अर्धवट आहे. माया आपल्याकडच्या आज्यांतही उदंड आहे. हरारेच्या आज्यांकडे प्रशिक्षण होते, अडचणी सोडवण्याचा ठरलेला क्रम होता आणि अवघड प्रसंगी विचारायला वरचा माणूस होता. गोव्यातही समुपदेशकांच्या भेटींचे ध्वनिमुद्रण होई आणि गटात बसून ते ऐकून एकमेकांना गुण दिले जात. स्वस्त उपचार म्हणून या पद्धतीचे कौतुक करणाऱ्या सरकारांना हा देखरेखीचा खर्च पहिल्यांदा डोळ्यांत सलतो, आणि तोच कापला जातो.

अशा माणसांची गरज किती, हे राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणावरून कळते. बेंगळुरूच्या निम्हान्सने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत ते केले. महाराष्ट्र त्या बारांत नव्हता. चिंता आणि नैराश्य यांसारखे सर्रास आढळणारे आजार असलेल्या दर शंभरांपैकी सुमारे पंच्याऐंशी जण उपचारांपर्यंत पोहोचलेले नव्हते. देशात लाख लोकसंख्येमागे एक मानसोपचारतज्ज्ञही नाही, आणि आहेत ते शहरांत. विदर्भात हे अंतर कसे कापता येईल, हे 'विश्राम' या उपक्रमाने दाखवले. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत स्थानिक कार्यकर्ते, समुपदेशक आणि तज्ज्ञ अशी उतरंड उभी केली. अठरा महिन्यांत, नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेतलेल्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचे प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आले. अभ्यासात तुलनेसाठी वेगळी गावे नव्हती, त्यामुळे दुसऱ्या आकड्याचे सगळे श्रेय उपक्रमाला देता येणार नाही. पाऊस, भाव, कर्जमाफी यांचाही हात असू शकतो. पहिल्या आकड्याबद्दल मात्र फारशी शंका घेता येत नाही. गावात ओळखीचे कुणी असेल तर लोक बोलतात.

इथे सगळ्यांत वजनदार आक्षेप उभा राहतो. ज्याच्या अडचणी खऱ्या आहेत त्याला समुपदेशन देणे ही फसवणूक नाही का? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशातल्या १,७०,९२४ आत्महत्यांपैकी २२,७४६ महाराष्ट्रातल्या होत्या, सर्व राज्यांत सर्वाधिक; आणि देशभरात आत्महत्या करणाऱ्यांतला एक चतुर्थांशाहून मोठा हिस्सा रोजंदारीवर जगणाऱ्यांचा होता. त्यांना विचार बदला असे सांगणे क्रूर आहे, हे म्हणणे रास्त आहे, आणि पुरावाही काही अंशी त्याच बाजूचा आहे. इंडोनेशियात गरीब कुटुंबांना थेट रोख मदत देण्याच्या योजनेने आत्महत्यांचे प्रमाण सुमारे १८ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. केनियातल्या एका मोठ्या तुलनेत तर जागतिक आरोग्य संघटनेने तयार केलेला पाच भेटींचा समुपदेशन कार्यक्रम आणि एकरकमी रोख रक्कम यांची सरळ लढत लावली. वर्षाने पाहिले तर रोख मिळालेल्यांचे उत्पन्नही सुधारले आणि मनही. समुपदेशन मिळालेल्यांत काहीच फरक नव्हता. समुपदेशनाच्या पुरस्कर्त्यांनी हा निकाल लपवू नये. मात्र केनियातली माणसे मानसिक त्रास आहे म्हणून निवडलेली नव्हती, गोव्यातली आणि हरारेतली होती. जो गरीब आहे पण खचलेला नाही त्याला समुपदेशकाची गरज नाही, पैशाची आहे. यात आश्चर्य ते काय? खचलेल्याचे दुखणे निराळे. मदत समोर असूनही तिच्यापर्यंत चालत जाण्याचे बळ त्याच्यात नसते. सातबारा काढणे, पीकविम्याचा अर्ज मुदतीत भरणे, बँकेत पुनर्गठनाची मागणी करणे, मोफत कायदेविषयक मदतीसाठी तालुक्याला जाणे ही सगळी पावले निरोगी माणसालाही दमवतात. म्हणून समुपदेशकाच्या हाती योजनांची आणि कार्यालयांची माहिती नसेल, तर तो विदर्भात किंवा मराठवाड्यात अर्धाच उपयोगी आहे. आणि योजनेच्या कागदांपाशी थांबणारी सरकारी मदतही तितकीच अर्धी.

दुसरा आक्षेप मानसोपचारतज्ज्ञांकडून येतो: अशिक्षित हातांनी मनाला हात घालू नये. त्यातही तथ्य आहे. आघातानंतर लगेच एकदाच बसवून सगळे बोलायला लावण्याची पद्धत एके काळी आपत्तींनंतर सर्रास वापरली जाई. उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतल्यावर ती निरुपयोगी आणि काही वेळा अपायकारक असल्याचे दिसले. 'मन मोकळे कर, बरे वाटेल' हे म्हणूनच दर वेळी खरे नसते. तीच व्यथा त्याच मैत्रिणीपाशी रोज उगाळल्याने मैत्री घट्ट होते आणि निराशाही वाढते, असे किशोरवयीन मुलींच्या अभ्यासात आढळले आहे. पण या सगळ्याचा रोख प्रशिक्षण नसलेल्या, दिशा नसलेल्या बोलण्यावर आहे, पदवी नसलेल्या माणसावर नाही. भास होणे, खाणे-झोपणे पार बिघडणे, दारू आटोक्याबाहेर जाणे, मरणाची भाषा येणे ही लक्षणे ओळखून पुढे पाठवणे, ही सामान्य समुपदेशकाला शिकवण्याची पहिली गोष्ट. मरणाबद्दल थेट विचारले तर ती कल्पना डोक्यात शिरते, ही भीतीही अनाठायी ठरली आहे; विचारल्याने धोका वाढत नाही, बहुधा बोलायला वाट मिळते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली आहे असे गृहीत धरले आणि त्याच्या पुनर्वसनाची जबाबदारी सरकारवर टाकली. भारतीय न्याय संहितेत तर त्या प्रयत्नाबद्दल सरसकट शिक्षेचे कलमच ठेवलेले नाही. घरात मात्र अजून तो विषय कुजबुजत बोलला जातो.

तिसरे म्हणणे असे, की हे काम देवळे, दर्गे, वारी, सत्संग पूर्वीपासून करत आले आहेत. नव्या समुपदेशकाची गरजच काय? सोबत, नियमित भेट, अंगवळणी पडलेली दिनचर्या हे या ठिकाणी खरोखर मिळते आणि त्याचा उपयोग होतो, हे नाकारण्यात शहाणपण नाही. गुजरातेत उनावा इथल्या मीरा दातार दर्ग्यात दुवा मागायला आलेल्यांना तिथेच डॉक्टरांचे औषधही मिळावे, अशी सोय मुजावरांच्या सहकार्याने झाली, आणि लोकांनी दोन्ही घेतले. फरक पडतो तो उपाय कुणाच्या हातात राहतो यात. अंगारा देऊन 'पुढच्या अमावास्येला पुन्हा ये' म्हणणारा भगत माणसाला स्वतःवर अवलंबून ठेवतो, आणि तामिळनाडूत एरवाडीला २००१ मध्ये साखळ्यांनी बांधलेले अठ्ठावीस मनोरुग्ण आगीत होरपळून मेले ते श्रद्धेच्याच आवारात. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी अंधश्रद्धेविरुद्ध लढताना व्यसनमुक्तीचे केंद्रही चालवले. भोंदूकडे जाऊ नका म्हणायचे तर जायचे कुठे, याचेही उत्तर द्यावे लागते. प्रेरणादायी वक्त्यांबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. दोन तास टाळ्या वाजवून घरी गेलेल्याला पुढच्या आठवड्यात कुणी विचारत नाही, एवढी एक उणीव पुरेशी आहे.

महाराष्ट्रात चार प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे, २०१५ मध्ये शेतकरी आत्महत्याग्रस्त चौदा जिल्ह्यांसाठी सुरू झालेला 'प्रेरणा' प्रकल्प आहे, आणि सुमारे सत्तर हजार आशा कार्यकर्त्या आहेत. या पुराव्यातून निघणारी मागणी नव्या इमारतीची नाही. आशांच्या डोक्यावर आधीच लसीकरणापासून सर्वेक्षणांपर्यंत कामांची उतरंड आहे. तिच्यावर मानसिक आरोग्य फुकटात ठेवू नये. प्रत्येक आरोग्य केंद्रात या कामासाठी पगारी, प्रशिक्षित स्थानिक माणूस हवा, त्याच्यावर दर आठवड्याला कुणाची तरी नजर हवी, आणि कंत्राट संपले म्हणून रुग्ण अर्ध्यावर सोडून जाण्याची वेळ त्याच्यावर येता कामा नये. तोवर फोनची सोय आहे. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या टेलि-मानसचा क्रमांक १४४१६ आहे. तो चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येते, पैसे लागत नाहीत, आणि स्वतःसाठीच नव्हे तर घरातल्या, शेजारच्या कुणाबद्दल काय करावे हे विचारण्यासाठीही तो फिरवता येतो.